अस्लमच्या गाडीत पाणी कुठं मुरलं

मला हे लिहायचं नव्हतं. मी चौथी शिकलेला, त्यात तिसरी दोनदा. उभा जन्म बुरोंडीच्या समुद्रात लाँचच्या इंजिनाशेजारी गेला. पण माझा नातू निहार मानगुटीवर बसलाय. "आजोबा, कॉलेजच्या अंकाला ती गाडीची गोष्ट द्या." अरे, तुझ्या कॉलेजातली शिकलेली माणसं संपली काय? तर म्हणे, "तुम्ही बोलता तसंच लिहा." बोलतो तसं लिहिलं तर अंक छापायच्या आधीच जाळतील. (शिव्या गाळल्यात. म्हणून गोष्ट निम्मी झालीय.)

तेव्हा फोन गावात दोन-चार घरांत. घंटी वाजली की अख्खी आळी धावायची. त्या दिवसांत अस्लम कुवेतहून कायमचा परत आला. अस्लम म्हणजे माझा लंगोटीयार. एकाच होडीवर आम्ही दोघांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि एकाच वेळी ओकलो. तिकडे तो कुणा साहेबाची घरगाडी चालवायचा. आत निजायला पलंग, भांडी घासायला मोरी, शेगडी, सगळं चाकांवर. लोक आखातातून सोनं आणतात, हा ते खूळ घेऊन आला. मुंबईच्या कुठल्याशा लिलावात तसलीच एक जुनी विलायती गाडी पकडली आणि हॉर्न वाजवत गावात आणली.

शमीमवहिनी, म्हणजे त्याची बायको, दारातूनच म्हणाली, "चिऱ्याचं घर आहे नव्हं चांगलं? हे पळतं घर कशाला?"

गाडीत मागे एक रुंद बाक होता. त्याच्यावर जाड गादी. अस्लम तिथं कुणाला टेकू देत नसे. म्हणे, पाहुण्यांची जागा. बाकाखाली जाळीचा एक डबा होता, तो म्हणे स्पीकर. रोज त्याला रेडिओच्या वायरी जोडून बघायचा. स्पीकर मुका.

इथवर ठीक होतं. पण इंजिनातलं पाणी रोज तांब्याभर कमी व्हायला लागलं. पाझर कुठं ते दिसेना. अस्लम म्हणाला, "दापोलीला गॅरेजात दाखवू."

"गॅरेज कशाला? मी मेलो काय?" मी म्हणालो. (हे वाक्य गिळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.)

आता लाँचचं इंजिन समुद्राचं पाणी एकीकडून पितं, दुसरीकडून ओकतं. पाणी बाहेर पडतंय तोवर इंजिन ठणठणीत. पडायचं थांबलं की देव आठवायचा. म्हणून मी अस्लमला आधी हेच सांगितलं, "पाणी जातंय ना? मग चांगलंच आहे की!"

"मेल्या, ही गाडी आहे. खाली समुद्र नाय."

मग मी गाडीखाली शिरलो. एका नळीतून थेंब गळत होता. आमच्याकडे लाँचमध्ये पाणी दिसलं की बोट बुडवून जिभेला लावतात. खारट लागलं तर समुद्र आत आला, गोड लागलं तर प्यायच्या पिंपाला भोक. मी चाटलं. खारट!

"अस्लम, हिच्यात समुद्र शिरलाय!"

वरून शमीमवहिनीचा आवाज आला, "महिपतभाऊ, मोरीत मी सुके बोंबील धुतेय हो! खाली कोण आहे काय?"

अस्लम हसून हसून चिखलात बसला. मी जिद्दीला पेटलो. होडीच्या फटी बुजवतात तसा कापूस आणि डांबर घेऊन ती नळी बुजवून टाकली. खाली ठिपूस नाही. जाहीर केलं, गळती बंद. (मोरी तुंबली, ती वेगळी भानगड.) इंजिनाचं पाणी मात्र कमी होतच राहिलं.

अशात देवरूखहून सांगावा आला. माझी लेक संध्या तिकडे दिलेली. तिच्या मुलाचं जावळ ठरलं. जावळाला पोर मामाच्या मांडीवर बसवतात. संध्याला भाऊ नाही. म्हणून तिने हट्ट धरला, बाळ बाबांच्याच मांडीवर बसेल. तिची सासू गुणवंतीबाई आधीच नाक मुरडत होती. आम्ही मासळीवाले, ते बागायतदार. तिचा भाऊ कोरं धोतर नेसून तयारच होता. मी पण हटलो नाही. नवा पांढराशुभ्र लेंगा शिवला.

अस्लम म्हणाला, "एसटीने जाशील? गाडी कशाला घेतलीय मी?"

निघालो. मला मानाने मागच्या बाकावर बसवलं. परशुराम घाटात इंजिनाचा काटा चढला. अस्लम दर वळणाला उतरून पाणी ओतत होता. माझी बायको सगुणा आणि शमीमवहिनी पुढे बसून हसत होत्या. मला बुडाखाली छान ऊब लागत होती. झोपलो.

जाग आली ती देवरूखच्या मांडवासमोर. उतरलो. सनईवाला वाजवायचा थांबला. सगुणाने माझ्यामागे बघितलं आणि पदर तोंडावर नेला.

"अहो, हे काय केलंत?"

लेंगा मागून गुडघ्यापर्यंत ओला! ओरडलो, "मी काय केलं नाय! पाणी गाडीचं आहे!"

"बरं बरं, गाडीचं," सगुणा माझ्याभोवती टॉवेल गुंडाळत म्हणाली, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात पुढे, "वय झालं हो. त्यात घाट."

व्याह्यांनी प्रेमाने माझ्या खुर्चीवर प्लास्टिक अंथरलं. गुणवंतीबाई गोड हसली. "राहू द्या हो. बाळ माझ्या भावाच्याच मांडीवर बसवू. शुभकार्य आहे, उगीच काही व्हायला नको." संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"अस्लम! चालू कर गाडी!"

अस्लमने इंजिन चालू केलं. मी सगळ्यांना आत बोलावलं. कुणी येईना. पण गाडीत मोरी आहे हे ऐकल्यावर गुणवंतीबाईला राहवेना. भरजरी शालू सावरत ती चढली. शेगडी बघितली, मोरी बघितली (नाक दाबलं), आणि दमून टेकली. कुठं? पाहुण्यांच्या बाकावर. शमीमवहिनीने तिला शेगडी कशी पेटते ते सविस्तर समजावलं. इंजिन तापत होतं.

गुणवंतीबाई उठली. शालू मागून चिंब.

 मी हात जोडून म्हणालो, "वय झालं हो विहीणबाई. आता?"

पण गंमत बघा. मी भिजलो तर वय झालं, विहीण भिजली तर गाडी गळते! लगेच दहा जण आत घुसले. गादी उचलली, फळी काढली, तो मुका स्पीकर उघडला. आत इंजिनातून आलेल्या गरम पाण्याच्या दोन रबरी नळ्या. एकीला केसाएवढी चीर. इंजिन तापलं की त्यातून बारीक पिचकारी फळीच्या फटीतून गादीत. गादी सगळं पिऊन टाकायची, म्हणून जमिनीवर थेंब नाही. तो डबा होता थंडीत गाडी उबदार ठेवायचा! कोकणात हीटर! म्हणजे सुरमईला स्वेटर.

अस्लम डोक्याला हात लावून म्हणाला, "आणि मी याच्यात गाणी शोधत होतो."

दोन्ही नळ्या दुमडल्या, खिशातल्या जाळ्याच्या दोरीने कोळ्याची गाठ मारली. ती गाठ अजून सुटली नाही. गाडी आता अस्लमच्या घरामागच्या परड्यात आंब्याच्या कलमाखाली गंजतेय, आत कोंबड्या अंडी घालतात, पण गाठ आहे. अस्लम नाही. शेवटपर्यंत मला म्हणायचा, "यार, माफ कर, पाहुण्यांची जागा तुलाच दिली." गुणवंतीबाईने तर त्याच दिवशी हात जोडले. सगुणाने वेळ लावला. जायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात एकदम हसायला लागली. विचारलं काय, तर म्हणाली, "गाडीचंच होतं हो. तेव्हा उगीच तुम्हाला बोलले." एवढ्यावर मी तिला सगळं माफ केलं.

तर जावळ. कोरडं धोतर नेसून मी पाटावर बसलो. बाळ माझ्या मांडीवर. रामा नाभिकाने वस्तरा लावला, संध्या हसली, सनई सुरू झाली. आयुष्यात एवढा ताठ मी कधी बसलो नाही. आणि तेवढ्यात मांडीवर छान ऊब लागली.

उशिरा आलेले पाहुणे माझ्या धोतराकडे बघत कुजबुजले, "महिपतरावांचं काही कानावर आलं होतं, ते खरंच म्हणायचं."

ज्याचं काम होतं तो डोकं तुळतुळीत करून माझ्याकडे बघून खिदळत होता. दात दोनच होते. त्याने अजून माफी मागितलेली नाही. उलट मलाच लिहायला बसवून अंकात नाव मिळवणार आहे. तोच तो, निहार.