सातवी वडी

आजवर कोणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. दामूकाकांच्या माळ्यावर मांजर कधी चढलंच नव्हतं.

पण आज पेणजवळच्या आमच्या जोहे गावातलं एकही मांजर त्यांच्या मूर्तींच्या कारखान्यासमोरून जायला धजत नाही. सत्तरी ओलांडलेला हा माणूस मांजर दिसलं की हातातल्या ब्रशसकट धावतो. गणपतीचा एक डोळा रंगवायचा राहिला तरी चालेल.

दामूकाका गणपती करतात, पण त्यांच्या मते तो जोडधंदा. मुख्य काम संशोधन. शाडूची मूर्ती वाळताना तडकते, आणि न तडकणारा शाडू त्यांना हवाय. म्हणून शाडूत कधी तूस, कधी कागदाचा लगदा, कधी डिंक (एकदा तर काकींनी दिवाळीला ठेवलेलं बेसन) मिसळून ते वड्या थापतात, नंबर टाकून माळ्यावर ठेवतात आणि रोज कुठे तडा गेला ते वहीत लिहितात. बेसनाची वडी मुंग्यांनी नेली. तेही वहीत आहे.

ऐकीव गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. 'काका, पेणची एसटी गेली,' म्हटलं की लगेच, 'पाह्यलंस का ऐकलंस?' एकदा चुलतभाऊ गेल्याचा निरोप घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी हेच विचारलं. ते घर अजून त्यांच्याशी बोलत नाही.

मी इथल्या शाळेत मास्तर. दर वर्षी चौथीच्या मुलांना त्यांच्याकडे नेतो, कारण पुस्तकातला संशोधक पांढऱ्या कोटात असतो आणि मुलांना तो फक्त मुंबईत राहतो असं वाटतं.

'संशोधक कुठं काम करतात, काका?'

'जिथं प्रश्न हाय तिथं. माशांचा असंल तर खाडीत, भाताचा असंल तर चिखलात. माझा हाय माळ्यावर.'

'मग तुमचा कोट कुठाय?'

'शाडूत कोट घालून बसलो असतो तर काकीनं मला नि कोटाला एकाच पिंपात भिजवला असता.'

'नि करतात काय ते?'

'चुकतात. नि चुकलं ते लिवून ठेवतात. नुसती चुकतात ती बाकीची माणसं.'

त्या बाकीच्या माणसांतला मी एक.

वीसेक वर्षांपूर्वी काकी आजारी पडल्या. त्यांच्या माहेरी, रोह्याला, दवाखान्यात ठेवलं. काका गाडीत बसण्याआधी वही माझ्या हातात देऊन म्हणाले, 'मास्तर, सातव्या वडीवर माझी सगळी आशा हाय, रोज बघून लिवा. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाय.' मी हो म्हटलं आणि एकदाही शिडी चढलो नाही. काही अडचण नव्हती. कंटाळा, बस्स. संध्याकाळी दुकानातल्या फोनवर त्यांचा आवाज यायचा, 'सातवीला तडा?' मी म्हणायचो, 'नाही.' पलीकडे ते काकींना ओरडून सांगायचे, 'टिकली गो, टिकली!' आणि लांबून काकींचं हसू ऐकू यायचं. मग मी वहीत लिहायचो : तडा नाही. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी काकी गेल्याचा फोन आला. त्या दिवशी मी पहिल्यांदा माळ्यावर चढलो. सातवी वडी दोन तुकडे होऊन पडली होती. मी ते तुकडे शाडू भिजवायच्या पिंपात टाकले. शाडूच तो, तासाभरात विरघळला. काका परतल्यावर म्हणालो, 'मांजरानं पाडली.'

त्यांनी वही वाचली. म्हणाले, 'पाडली तर पाडली. वडी टिकली एवढं ऐकून गेली काकी.'



तेव्हापासून ते दर वर्षी सातवी वडी थापतात. तेच माप, तेच पाणी. दर वर्षी ती तडकते. 'तेव्हा मी नव्हतो तर टिकली,' म्हणतात. 'माझ्या नजरेतच कायतरी खोट असंल.'

यंदा एका मुलीनं विचारलं, 'काका, एकतरी वडी टिकली का हो?'

काकांनी फडताळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती वही काढली. 'ही बघ. अकरा दिवस टिकली.'

मुलगी माझ्याच शाळेतली. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, 'पाह्यलंत का ऐकलंत?'

सगळी पोरं खिदळली. काका सगळ्यांत जास्त हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाले, 'मी ऐकलं गो. पाह्यलं मास्तरांनी.'

सगळ्या मुलांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं, किती विश्वासानं! मी घड्याळाकडे बघून म्हणालो, 'चला, शाळा सुटायची वेळ झाली.' तेव्हा अजून तासभर बाकी होता.

दामूकाकांच्या नजरेत काही खोट नाही. ती वडी तडकली होती आणि मी पाहत नव्हतो. एवढं त्यांच्यासमोर बसून सांगायचं देणं मी अजून लागतो.