पंचवीस चिठ्ठ्यांची मोहीम, अर्थात कामठीकर मेलडी पार्टीची अजनीवरील फत्ते

श्रीशारदा प्रसन्न. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, आश्विन शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी नागपूर शहरी, अजनी परगण्यात, रेल्वे क्वार्टरांचे पटांगणी जे घोर गाणेयुद्ध जाहले त्याची हकीकत पुसणारे पुष्कळ आणि खरी सांगणारा एक नाही. कोणी म्हणतो चिठ्ठ्या तीस होत्या, कोणी म्हणतो अध्यक्ष आधीपासूनच फितूर होते. सबब जैसे घडले तैसे, पदरचे मीठ चिमूटभर घालून, येथे लिहिले आहे. वाचणारांनी बसून वाचावे. उभ्याने वाचता हसून तोल गेल्यास लिहिणार जबाबदार नाही.

त्या परगण्यात क्वार्टर नंबर चौदा येथे राजश्री गोपाळराव गार्डसाहेब यांची कन्या शामलाबाई, इयत्ता दहावी तुकडी ब, दोन वेण्या आणि लाल रिबिनी ऐशा थाटाने नांदत होती. हीच बाई मागील सालापावेतो शाळेच्या प्रार्थनेत नुसते ओठ हालवीत असे, आवाज म्हणून काढीत नसे, आणि वर्गात नाव पुकारले तरी कानापर्यंत लाल होत असे. परंतु उन्हाळ्यात सायकल शिकली, दोनदा गुडघे फोडून घेतले, आणि तिसऱ्या दिवशी उतारावरून हात सोडून आली, तेव्हापासून तिचे अंगी शौर्याचा संचार जाहला तो आजतागायत उतरला नाही.

तर भाद्रपद वद्यात मातोश्रींचा हुकूम जाहला की, कामठीस यमुताई मावशी यांचे घरी पापडांचा डबा पोचता करावा. हुकूम होताच शामलाबाईंनी डबा काखोटीस मारला आणि मोटारीने कूच केले, आणि भर दुपारी कामठी मुक्कामी उतरून मावशींचे गल्लीत शिरती तोच पावरलूमच्या एका कारखान्यातून विलक्षण नाद कानी आला. आत माग खटखट चालत होते, सुताचे धोटे इकडून तिकडे धावत होते, आणि त्या खटखटीवरच ताल धरून एकजण बोंगो वाजवी, एकजण गिटार छेडी, तिसरा छातीवर अकॉर्डियन बांधून भाता ओढी, आणि चौथा, मागासमोर उभा, तुटले सूत सांधता सांधता, खुल्या गळ्याने गाई:

धोटा जाते, धोटा येते, धोटा थांबे ना,
सूत बोलते सुतासंगं, कोनी ऐके ना!

शामलाबाई दारात खिळून राहिल्या. गाणाराने पाहिले आणि पुसिले, "काय पाहून राहिली वं पोरी?"

"पाहून नाई राहिली, ऐकून राहिली. कोणत्या पिक्चरचं हाय हे?"

"पिक्चरचं नाई. आमचं हाय."

"आमचं म्हणजे?"

"आमचं म्हणजे आमचं. म्या लिहिलं, ह्या चंद्रभाननं चाल लावली. काहून, गाणं का फक्त मुंबईतच पिकते?"

हे ऐकून शामलाबाईंचे मस्तकी लख्ख उजेड पडला. त्यांची आजवर ऐशी समजूत की, गाणे म्हणजे रेडिओतून यावे नाहीतर पडद्यावरून यावे, पाणी जैसे नळातूनच यावे. गाणे माणसाचे तोंडून नवेकोरे निघते आणि ते माणूस आपल्यासमोर बनियनवर उभे असते, हा शोध त्या दुपारी लागला. मग त्यांनी तेच गाणे तीन वेळ गावयास लावले, आणि पापडांचा डबा उघडून पार्टीस पेश केला. मावशीस निम्मेच पापड का पोचले, याचा खुलासा पुढे बहुत दिवस मागितला गेला.

गाणारे ते आनंदराव विणकर, जय मेलडी पार्टी, कामठी, हिचे सरनोबत. त्यांनी आपले वर्तमान सांगितले की, पार्टीस बोलावणी येतात, परंतु लोक पिक्चरचीच गाणी मागतात, आणि आपली वही तीन वर्षे बंदच्या बंद आहे. दसरा होताच चंद्रभान भिलाईस नोकरीवर रुजू होणार, आणि त्याच्या अकॉर्डियनवाचून हे गाणे म्हणजे बिनमिठाची डाळ. एक वेळ तरी चार लोकांत वाजावे, मग वही ट्रंकेत गेली तरी चालेल. आता शेवटचा प्रोग्राम पंचमीस, अजनीच्या क्वार्टरांत, शारदोत्सवात.

"अजनीचे क्वार्टर? ते तर आमचेच!" शामलाबाई गर्जल्या. "लावा पैज. तुमचं गाणं तिथं वाजलंच समजा."

आनंदराव हसले आणि बोलिले, "तू काय अध्यक्ष हायेस?"

अध्यक्ष नव्हती, हेच मोठे संकट होते. उत्सव मंडळाचे अध्यक्ष होते नत्थूजी, क्वार्टर नंबर एक, रेल्वेतून निवृत्त, चांदीच्या मुठीची काठी आणि झुबकेदार मिशा बाळगून असलेले, ज्यांच्या आज्ञेवाचून मंडपात बल्बही लागत नसे. शामलाबाई दुसरे दिवशी एकट्या त्यांचे ओट्यावर गेल्या आणि अर्ज गुजारिला. नत्थूजींनी पानाचा विडा गालात सारून फर्माविले की, मंडपात पिक्चरचे सोडून दुसरे गाणे होणार नाही. दोन वर्षांमागे एका गावच्या कवीस माइक दिला, त्याने सव्वा तास सोडला नाही, आणि लोक आपापल्या सतरंज्या गुंडाळून घरी गेले. रिकाम्या मंडपात शारदेसमोर आपण एकटेच उरलो, ती बेइज्जती पुनः नको.

"पण काकाजी," शामलाबाई बोलिल्या, "तुमचाच नियम हाय ना? पुठ्ठ्यावर लिहून टांगलेला?"

आणि खरेच तैसा नियम होता. गतवर्षी रडके गाणे व्हावे की नाचाचे, यावरून दोन ओळींच्या क्वार्टरांत खुर्च्या उचलण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा नत्थूजींनी आपले हस्ताक्षरात कायदा केला की, फर्माईश चिठ्ठीवर लिहून मंडपातील डब्यात टाकावी, एका माणसाची एकच चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव पाहिजे, बिननावाची रद्द, आणि ज्या गाण्यास पंचवीस चिठ्ठ्या पडतील ते वाजलेच पाहिजे. नत्थूजी आपल्याच कायद्यात अडकले, मिशीस पीळ देते जाहले आणि बोलिले, "आण मंग पंचवीस. जे गाणं कोणी ऐकलंच नाई, त्याची फर्माईश कोण करते, पाहतो ना मी बी."

त्या दिवसापासून मोहीम सुरू जाहली. पहिला मोर्चा सकाळचे सार्वजनिक नळावर लाविला. तेथे रुखमाबाई, क्वार्टर नंबर नऊ, घागर घेऊन अग्रभागी असत, आणि त्यांचे तोंडून जे निघे ते दुपारपर्यंत सर्व ओळीस पोचे. शामलाबाईंनी चिठ्ठी मागताच त्यांनी हुकूम केला, "पयले गाऊन दाखव, मंग चिठ्ठी."

आता काय करावे? दहा बायका, दहा घागरी, आणि सर्वांचे डोळे इकडे. शामलाबाईंस प्रार्थनेतील हालते ओठ आठवले, पळून जावे ऐसेही मनी आले. परंतु उतारावर हात सोडले ते स्मरून त्यांनी डोळे मिटले, बादली पालथी घातली, तिजवर खटक खटक ताल धरिला आणि गाणे सोडिले. पहिली ओळ कापत गेली, दुसरी बरी गेली, आणि तिसऱ्यांदा मुखडा आला तो रुखमाबाईंची बांगडी घागरीवर वाजू लागली.

"अवं, हे तं डोक्यातून निंघूनच नाई राहिलं," रुखमाबाई दुसरे दिवशी तक्रार करित्या जाहल्या. "तांदूळ निवडता निवडता धोटा, भाकर थापता थापता धोटा! घे बाई चिठ्ठी."

मग काय पुसता! नळ काबीज होताच ओट्यामागून ओटे पडले. परंतु पुष्कळांनी आपली चिठ्ठी आवडत्या पिक्चरसाठी राखून ठेविली होती, त्यांची मनधरणी करता करता शामलाबाईंचा घसा बसला, आणि गोपाळरावांनी चिठ्ठी दिली ती या अटीवर की, परीक्षेत गणितात साठ पाहिजेत. ही अट पुढे पाळली गेली की नाही, ते या मोहिमेचे कक्षेत येत नाही. पंचमीचे दुपारी मोजदाद केली तो चिठ्ठ्या चोवीस. एक कमी.

आणि ती एक, कोणाची म्हणावी? प्रेमिलेची! शामलाबाईंची जिवलग मैत्रीण, एकाच बाकावरची, एका डब्यात जेवणारी. परंतु प्रेमिलेचे चित्त एका पिक्चरच्या हिरोपाशी गहाण होते, त्याचेच गाणे मागणार म्हणून तिने हट्ट धरिला. "तुह्या गाण्यात हिरो कोण हाय, सांग ना!" ऐसा टोमणा तिने दोन दिवसांमागे मारिला होता. "हिरो नाई, धोटा हाय," ऐसे उत्तर मिळाले. "मंग कर धोट्याशीच लग्न," ऐसे बोलून ती चालती जाहली, आणि तेव्हापासून उभयतांत बोलणे बंद पडिले, डबाही वेगळा खाल्ला, आणि दोघींचाही डबा उरला.

दिवेलागणीस मंडप गच्च भरला. लहान मुले पुढे, बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, आणि मध्यभागी लाकडी खुर्चीवर नत्थूजी. माइक रविंद्राचे हाती होता. हा तिकीटघरातील बाबू, यास माइक मिळाला की गाडी फलाटावर येत असल्याचेच सुरात सर्व काही सांगे. जय मेलडी पार्टीने निळे कोट घालून पाच पिक्चरची गाणी वाजविली, लोक खूष जाहले, परंतु आनंदरावांचे डोळे वरचेवर चिठ्ठ्यांच्या डब्याकडे जात, आणि शामलाबाई खांबास टेकून बोटांवर पुनः पुनः मोजीत होत्या. चोवीस म्हणजे चोवीस. कायदा तो कायदा.

मग डबा उघडला. रविंद्राने गाणी वेगळी लाविली, चिठ्ठ्या मोजिल्या आणि जाहीर केले की, धोटा नावाच्या गाण्यास चोवीस... आणि थांबला. तळाशी आणखी एक घडी सापडली. उलगडून पाहतो तो चौकडीच्या वहीचा कागद, आणि मजकूर ऐसा:

प्रति, मा. श्री. नत्थूजी, अध्यक्ष. विषय: धोटा गाणे मिळणेबाबत. महोदय, वरील गाणे वाजवावे ही विनंती. कळावे. आपली आज्ञाधारक.

प्रेमिलेने जन्मात रजेच्या अर्जाखेरीज काही लिहिलेच नव्हते! चिठ्ठीही तैशीच लिहिली, आणि खाली स्वतःचे नाव घालावयाचे विसरली. रागात विसरली की लाजून, हे तिचे तिला ठाऊक. कायद्याप्रमाणे बिननावाची चिठ्ठी रद्द. परंतु कागदावर नाव तर होते, आणि ते एकच होते. रविंद्राने कागद उलटा केला, सुलटा केला, घसा खाकरिला आणि फलाटाचे सुरात पुकारिले:

"धोटा या गाण्याची पंचविसावी फर्माईश करीत आहेत, आपल्या मंडळाचे माननीय अध्यक्ष, श्रीयुत नत्थूजी!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट जाहला. नत्थूजी काठी उगारून, "म्या कवा" इतके बोलत उठले. परंतु येथे ऐसे जाणावे की, अकरा वर्षे अध्यक्ष असून त्यांचे नाव माइकवर येई ते शेवटी, आभारांत, जेव्हा लोक चपला शोधीत असत. भरल्या मंडपात, कार्यक्रमाचे ऐन मध्यावर, टाळ्यांसह नाव, हे प्रथमच घडले. ती उगारलेली काठी हळूहळू खाली आली, मिशा थरथरल्या, दोन्ही हात जोडले गेले, चारी दिशांस नमस्कार जाहला, आणि आज्ञा सुटली: "वाजवा!"

आनंदरावांनी कोटाचे खिशातून वही काढिली, पण उघडिली नाही. चंद्रभानाने भाता ओढिला, बोंगोवर माग चालू लागला, आणि मुखडा येतो न येतो तोच उजवीकडून सगळा नळ एका आवाजात गाऊ लागला, कारण त्यांस ते गाणे केव्हाचेच पाठ होते! आनंदराव "कोनी ऐके ना" इतके गाऊन थबकले, कारण चारशे माणसे ऐकत होती. मग डोळे पुसून हसले आणि पुनः पहिल्यापासून धरिले. वन्समोअर तीन जाहले. तिसरा खुद्द नत्थूजींनी काठी आपटून मागितला.

गर्दीतून प्रेमिला खांबाजवळ आली. शामलाबाईंनी विचारिले, "काहून वं, नाव काहून नाई टाकलं?" ती बोलिली, "आज्ञाधारक लिहिलं ना! आपल्या वर्गात दुसरी कोण हाय आज्ञाधारक?" तह तेथेच जाहला, आणि सोमवारचा डबा एक ठरला.

येणेप्रमाणे पंचवीस चिठ्ठ्यांचे बळे अजनीचा मंडप सर जाहला. एकही सतरंजी वेळेआधी गुंडाळली गेली नाही, हे मुद्दाम नमूद केले आहे. पंचविसावी चिठ्ठी नत्थूजींनी आपले डायरीत जपून ठेविली, प्रेमिलेने मागितली तरी दिली नाही, आणि कामठीची पार्टी आपणच शोधून काढिली ऐसे ते येणाऱ्याजाणाऱ्यास सांगतात. शामलाबाईंनी त्यास हरकत घेतली नाही. चंद्रभान दसऱ्यानंतर भिलाईस गेला. जाताना अकॉर्डियन सोबत नेले, चाल मात्र नेता आली नाही, कारण कार्यक्रमाचे दुसरेच दिवशी पहाटे अजनीचे नळास पाणी येण्याआधी तेथे गाणे आले होते, आणि सर्वांत मोठा आवाज क्वार्टर नंबर चौदाच्या कन्येचा होता. नळावरील दहा घागरींची साक्ष घालून हे वर्तमान पुरे केले.