बारामतीला जाणारी चेन

सायकल इंदापुरात आणि तिची चेन बारामतीत, असा संसार कुंडलिकरावांनी दोन वर्षं चालवला.

रोज सकाळी एसटी गाठायच्या आधी ते अंगणात सायकलीशेजारी उकिडवे बसायचे. चेनकव्हर त्यांनी कधीच काढून फेकलेलं. पायडल हळूहळू फिरवत चेनची जोडकडी वर आणायची. त्या कडीवर माशाच्या आकाराची एक इवलीशी पत्र्याची पट्टी असते. सगळं जग तिला चेनलॉक म्हणतं, कुंडलिकराव मासोळी म्हणायचे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं मासोळी ढकलायची, उडू नये म्हणून वर अंगठा दाबायचा, आणि निघाली की ओठांत धरायची. त्या वेळी कुणी रामराम घातला तर उत्तर मिळत नसे. मग कडी सुटायची, चेन वर्तमानपत्रात गुंडाळली जायची आणि पिशवीत जेवणाच्या डब्याशेजारी जाऊन बसायची. मासोळी चुन्याच्या रिकाम्या डबीत. संध्याकाळी परत आल्यावर हेच सगळं उलट.

"मासोळीचं तोंड चेन पळती तिकडं, शेपूट मागं," ते मला शिकवायचे. "उलटी घातली की गेलीच. खबरदारी घ्यावी मानसानं."

मी त्यांचा शेजारी, आणि बारामतीच्या कचेरीत आमची टेबलंही शेजारी. म्हणजे सुटका कुठंच नाही. एकदा एसटीत त्यांची पिशवी कलंडली आणि लग्नाला निघालेल्या एका पाहुण्याच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ग्रीसचा पट्टा उमटला. पाहुणा अंगावर धावून आला. कुंडलिकराव म्हणाले, "रॉकेल लावा, जातंय." कचेरीत त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कागदावर काळा अंगठा असायचा. याला सहीची गरजच नाही, असं साहेब म्हणायचे. भर उन्हाळ्यात छत्री, दोन्ही चपलांवर आतून नाव, गार झालेल्या चहावरही फुंकर. कचेरीनं त्यांना 'चेनवाले' हे नाव ठेवलं. खरं सांगायचं तर ते मीच ठेवलं होतं, आणि त्या वेळी मला त्याचा अभिमानही वाटायचा.

चेन काढण्याचं कारण मला माहीत नव्हतं असं नाही. कुंडलिकरावांची बायको वारलेली, घरात ते आणि म्हातारे वडील, आबा, एवढेच. आबांचं जुन्या पळसदेवात सायकलचं दुकान होतं. गाव धरणाच्या पाण्यात गेलं, दुकान गेलं, आणि आबा एक सायकल आणि पान्यांची पेटी घेऊन इंदापुरात लेकाकडं आले. पुढं त्यांच्या डोक्यातून पाणी तेवढं पुसलं गेलं. गाव राहिलं. सकाळ झाली की त्यांना दुकान उघडायला जायचं असायचं. गुडघे गेलेले, पायी चौकापर्यंतही धड जाता येत नसे, पण सायकलवर बसले की म्हातारा विशीतला व्हायचा. दोनदा ते पुणे-सोलापूर रस्त्याला लागले होते. दुसऱ्यांदा एका ट्रकवाल्यानं त्यांना सायकलीसकट आणून सोडलं.

"कुलूप लावा की," मी सुचवलं होतं.

"आख्खी हयात कुलपंच उघडली त्यानं. खिळा पुरतो त्याला."

"मग विकून टाका."

"सायकल दिसली न्हाय तर जेवत न्हाय आबा." मग पिशवीवर हात ठेवून ते म्हणाले होते, "परत हायवेला गेला तर मला घावायचा न्हाय, भाऊसाहेब."

एवढं ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांची नक्कल केली. ओठांत टाचणी धरून.

आबा दिवसभर फडक्यानं सायकल पुसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं चेन मागायचे. त्या मे महिन्यात मी दाढ काढल्यामुळं रजेवर होतो. सकाळपासून कुंपणापलीकडून एकच धोशा सुरू होता. "आरं बाळा, चेन दे. गिऱ्हाइकं खोळंबली असतील." पाच वेळा ऐकलं, दहा वेळा ऐकलं. मी मोपेड घेतल्यावर जुनी सायकल भंगारात दिली होती, तिची चेन तेवढी ओसरीत खिळ्याला लटकत होती. ती काढून त्यांच्या हातात दिली. देण्याआधी मासोळी काढून स्वतःच्या खिशात टाकली. मासोळीशिवाय कडी टिकत नाही, तेव्हा बसू दे म्हाताऱ्याला खेळत, असा माझा हिशेब. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी आत जाऊन झोपलो. पुढं सगळ्यांना सांगितलं की मला दया आली. साफ खोटं. मला झोप हवी होती.

चार वाजता उठलो तेव्हा शेजारचं अंगण रिकामं होतं.

आबांनी मासोळीच्या जागी तांब्याची तार आवळली होती. त्या तारेवर, मेच्या उन्हात, त्यांनी पळसदेव गाठलं. पाणी उतरलं होतं, जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. मासे धरणाऱ्यांना ते काठावर सापडले. सायकल उलटी उभी करून, पाने ओळीनं मांडून, गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले. अंग तापलेलं, पण यायला तयार नव्हते. दुकान सोडून कसं येऊ, म्हणाले. जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. तिसऱ्या दिवशी गेले.

कुंडलिकराव तेरावा होईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चौदाव्या दिवशी ते माझ्या दारात आले. हातात माझी चेन, रॉकेलनं धुतलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

मी घाईघाईनं म्हणालो, "कुंडलिकराव, मासोळी मी काढून ठेवली होती. खबरदारी म्हणून."

त्यांनी कागद उलगडला. तार तशीच होती. तिच्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "पीळ बगा कसा बसलाय. हात इसरला न्हाय त्याचा." मग ओसरीच्या पायरीवर टेकले. "तुमी बगितला आसंल न्हवं जाताना? दोन वर्सं झाली, मी आबाला सायकल चालवताना बगितलंच न्हाय. कसा दिसत व्हता?"

मी आत झोपलो होतो, हे सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "ताठ बसले होते. घंटी वाजवत गेले."

तारेवरचं त्यांचं बोट थांबलं. त्या सायकलला घंटी नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

"व्हय," कुंडलिकराव म्हणाले, "लई वाजवायचा."