खालच्या रांगेतला चेहरा

मनुष्याच्या मेंदूत चेहरे ओळखण्याचं एक स्वतंत्र खातं आहे, आणि इतर खात्यांप्रमाणे तेही अर्जाकडे नीट न बघता शिक्का मारतं. यात वेळेची फार बचत होते. शुक्रवार पेठेत मी केलेल्या पाहणीनुसार (दळणाला जाता-येता) शंभरातले नव्वद लोक नाक-डोळे बघतच नाहीत. फेटा आणि गॉगल बघतात. उरलेले दहा मोबाइल बघतात.

ही सोय हेरूनच तौसिफने आपल्या फ्लेक्सच्या दुकानात एक गुलाबी फेटा आणि एक गॉगल कायमचा ठेवलाय. वाढदिवस कुणाचाही असो, शुभेच्छुक येतात, दोन्ही चढवतात, फोटो काढतात आणि फलकाच्या खालच्या रांगेत जाऊन बसतात. आमचे शेजारी धोंडप्पा कित्येक वर्षं या रांगेत आहेत. तिथं त्यांना अजून कुणीही ओळखलेलं नाही.

मागं पलीकडच्या गल्लीतले गुरप्पा वारले. कोपऱ्यावर भावपूर्ण श्रद्धांजली लागली. नाव गुरप्पांचं, फोटो धोंडप्पांचा. गॉगलसकट.

धोंडप्पा दुकानात धावले. रविवारी त्यांच्या मुलीचं, प्रियंकाचं, लग्न ठरवायला टेंभुर्णीचे पाहुणे येणार होते. दोनदा 'कळवतो' म्हणून गप्प बसलेले पाहुणे.

"चाचा, गुरप्पांच्या पोरानं सवता बघून पास केलाय," तौसिफ म्हणाला. "घरचे सगळे येऊन रडून गेले. तक्रार एकट्या तुमचीच हाय."

एवढं बहुमत बघून धोंडप्पा घरी परतले.

रविवारी पाहुणे कोपऱ्यावर थांबले, हात जोडले आणि पडेल चेहऱ्यानं घरात आले. (टेंभुर्णीला धोंडप्पा फेटा बांधून गेले होते, घरात ते बोडके होते. फलकावरचं नाव वाचायचं काम या खात्याकडे नाही. धोंडप्पांच्या बायकोच्या, राजाबाईंच्या, कपाळावरचं कुंकूही सगळ्यांना दिसलं. पण निकाल लागल्यावर नवा पुरावा दाखल होत नाही.)

"तुमी धोंडप्पांचे धाकले भाऊ जणू," थोरले पाहुणे म्हणाले. "नाक तसंच हाय."

"मीच धोंडप्पा."

"व्हय, असं होतं पहिल्या पहिल्यांदा. माणूस आपल्यातच हाय असं वाटतं." पाहुण्यांनी डोळे पुसले. "आता लांबवायला नको. घरात असं झाल्यावर वर्षाच्या आत कार्य उरकावं लागतं. पोरगी आमाला पसंत हाय."

धोंडप्पांनी तोंड उघडलं. तेवढ्यात राजाबाईंनी कपबशी पुढं केली.

"घ्या की भावजी, गार व्हायलाय."

भावजींनी चहा घेतला.

लग्न झकास झालं. कन्यादान काकांनी केलं. अगदी बापासारखे रडले, असं टेंभुर्णीकर अजून सांगतात. निघताना प्रियंका धोंडप्पांच्या हार घातलेल्या फोटोच्या पाया पडली, आणि काकांच्या पायाशी जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

तुम्ही हसलात. हरकत नाही. उद्या तुमच्या कोपऱ्यावरच्या फलकाखाली क्षणभर थांबा आणि खालच्या रांगेतला, गुलाबी फेट्यातला तो चेहरा नीट बघा. ओळखीचा वाटेल. तुमचाच असेल. फक्त घरच्यांना दाखवून खात्री करून घेऊ नका.

ते हात जोडतील.