पेपर तुमचाच आहे

या वेळी संख्याशास्त्रात मी नापास होणं शक्यच नाही, असं मी घरात छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. आधी चार वेळा आपटले होते, ते खरं. पण आता माझी लेकच माझी शिकवणी घेत होती. ती बारावीत, मी पदवीच्या शेवटच्या वर्षात. "आई, तुला गणित येतं गं. पण ते दिसलं की तू घाबरतेस," ती म्हणायची. ऑफिसात माझ्यामागून आलेले लोक पदवीच्या जोरावर माझे साहेब झाले होते. त्यात जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. राहिले, तर सगळे विषय पुन्हा पहिल्यापासून.

नेमकी बस उशिरा आली. धापा टाकत केंद्रावर पोचले. डोळ्यांवर चष्मा, कपाळावर पांढरी बट, खांद्याला ऑफिसची पर्स. दारातल्या क्लार्कला म्हणाले, "अहो, माझा पेपर आहे. खोली कुठली?"

"तुमचाच आहे, घ्या," म्हणत त्याने एक सीलबंद पाकीट माझ्या हातात कोंबलं. "दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. उशीर केलात, मॅडम."

"अहो, पण मी परीक्षेला आलेय."

"सगळे परीक्षेलाच आलेत. पळा आता."

आणि वाजणारा फोन कानाला लावत तो स्वतःच पळाला.

खोलीत पाय ठेवला तर सगळी पोरं उठून उभी राहिली. पाकीट ठेवून जावं, तर कुणी उघडलं तर? घेऊन बाहेर जावं, तर पेपर पळवला म्हणून धरतील. आणि मी उघडलं, तर जन्मभराची बंदी. तान्हं बाळ धरावं तसं ते छातीशी धरून मी उभी राहिले.

घंटा झाली.

"मॅडम, पेपर द्या ना."

"मी मॅडम नाही."

"मग सर म्हणू का?" मागून कुणीतरी विचारलं. वर्ग हसला.

पहिल्या बाकावरची मुलगी मात्र मुसमुसत होती. "तिसऱ्यांदा बसतेय, मॅडम," ती म्हणाली. "घरी सांगितलंय, या वेळी नक्की."

"मी पाचव्यांदा बसतेय."

तिचं रडणं थांबलं. तेवढ्यात एका बाकावरून, नंबर पाहिला तर नेमका माझाच, एक सडपातळ तरुण उठला. "मग ते पाकीट माझं. सुपरवायझर मी आहे. विद्यार्थी समजून शिपायाने दटावून मला इथे बसवलंय."

"ओळखपत्र दाखवा."

"ते खाली क्लार्कच्या टेबलावर राहिलंय."

"मग पाकीट मिळणार नाही."

त्याने हात घातला. मी पाकीट मागे ओढलं. त्याने पुन्हा ओढलं. अशी आमची रस्सीखेच ऐन रंगात आली असताना दारात प्राचार्या उभ्या.

"मी सुपरवायझर आहे," तो म्हणाला.

"मी नाही," मी म्हणाले.

त्यांनी त्याला ओळखलं. मग पाकीट घेऊन सील उलटसुलट पाहिलं. मी हॉल तिकीट त्यांच्यापुढे धरलं.

"सील शाबूत आहे म्हणून सुटलात," त्या म्हणाल्या. "जागेवर बसा. वेळ वाढवून मिळणार नाही."

प्रश्नपत्रिका समोर आली आणि नेहमीसारखे आकडे नाचायला लागले. मी मान वर केली. मघाशी समोर उभं राहून मी सगळ्यांचे चेहरे पाहिले होते. एकही चेहरा माझ्यापेक्षा धीट नव्हता. पहिल्या बाकावरची मुलगी बाहीने डोळे पुसत लिहायला लागली होती. मीही पहिलं गणित एकेक ओळ करत सोडवत गेले. शेवटचं एक राहिलं, पण बाकीची सगळी अंगावर घेतली. सुटल्यावर त्या मुलीने जिन्यात गाठलं. "मॅडम, कसा गेला?"

"या वेळी पळून नाही गेले," मी म्हणाले.

निकाल लेकीने मोबाइलवर पाहिला. मी ओट्याला धरून उभी.

"आई, पास."

मी तिथेच खाली बसले. नवऱ्याने विचारलं, "किती पडले?"

लेकीने पटकन स्क्रीनवर हात ठेवला. "पास झालीय ना, बाबा."

काठावर झालेय, तेही कृपागुण धरून. ऑफिसात मी फक्त "पास" एवढंच सांगते. पदवीवर कृपागुण छापत नाहीत, याची चौकशी मी आधीच करून ठेवली आहे.