पुलाखालील रयतेने दवाखान्याचे पायरीवर मुक्काम केला त्याची हकीकत

ज्यांचे मस्तकी छप्पर नाही त्यांचे मस्तकीचे आभाळास आधी नमस्कार, मग ज्यांस छप्पर आहे त्यांस यथायोग्य. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास पौष. पुलाखालील रयतेने सरकारी दवाखाना कैसा घेतला हे धनीसाहेबांनी पुसिले, त्यास जे घडले ते लिहितो, गोड करून लिहीत नाही.

त्या राज्यी दवाखाना थोर. सरकारांनी दवंडी पिटविली की औषधपाणी सर्व रयतेस फुकट आहे, आणि दवंडी ऐकून रयत गेली, आणि खिडकीपाशी अडली. कारण खिडकीत दप्तरदार वामनराव विराजमान होते, आणि येईल त्यास ते प्रथम "मुक्काम कोठे?" हेच पुसत. ज्याचा मुक्काम ज्या हद्दीत त्याने त्याच हद्दीतील दवाखान्यात जावे, आणि ज्यास मुक्काम नाही त्याचा केसपेपरच काढू नये, ऐसा कायदा त्यांनीच बसविला होता, आणि त्याचा त्यांस अभिमान मोठा. माणूस खिडकीसमोर विव्हळत असला तरी त्यांची मान वर होत नसे.

त्याच शहरी नाल्यावरील पुलाखाली मातुःश्री ठकूबाईसाहेब नांदत होत्या. केरसुण्या बांधून विकाव्या आणि पाठचे बंधू म्हसूजी यांस सांभाळावे, हा त्यांचा राज्यकारभार. म्हसूजी बाजारात हमाली करीत. त्यांस साखरेचा विकार होता, त्यात पायात खिळा गेला, आणि जखम चिघळली, आणि बोटे काळी पडू लागली. ठकूबाईंनी ते पाहिले मात्र, हातची केरसुणी टाकून उठल्या, कारण हमालाचा पाय गेला म्हणजे हमालच गेला हे त्यांस सांगावे लागत नव्हते. मग त्यांनी हातगाडीची पालखी केली, वर वाकळ अंथरली, बंधूंस निजविले, आणि स्वारी दवाखान्यास निघाली.

वामनरावांनी मुक्काम पुसिला, बाईंनी नाल्याचा पूल सांगितला, आणि वामनरावांनी त्यांस नाल्याचे हद्दीतील धाकट्या दवाखान्याकडे पिटाळले. इकडे पालिकेची गाडी येऊन पुलाखालची अंथरुणे, चुली, भांडी उचलून घेऊन गेली, आणि रयत स्टेशनाकडील पुलाखाली जाऊन पडली. मग धाकट्या दवाखान्याने कानावर हात ठेविले की तुमचा मुक्काम आता आमचे हद्दीत नाही, थोरल्याकडे जावे. ऐसे पायास कीड लागत होती आणि दोन दवाखाने हद्दीचा खल करीत होते. यांस काय म्हणावे ते लिहिण्याजोगे नाही.

पालखी पुन्हा खिडकीपाशी आली. वामनराव त्रासून वदले की बाई, तुमचा मुक्काम रोज हलतो, हलतो तो मुक्काम आम्ही धरीत नाही. त्यावर ठकूबाईसाहेबांनी पदर खोचला, आणि सारी रांग ऐकेल ऐशा आवाजात बोलिल्या:

"हलतो म्हणूनशान त्येला मुक्काम म्हणत्यात, सायेब. हलत न्हाई त्येला घर म्हणत्यात. ते आमच्यापाशी न्हाई. लिवा आता, मुक्काम दवाखान्याची पायरी."

आणि हातगाडीवरची वाकळ काढून पायरीवर पसरली, आणि बंधूंस वर निजवून आपण उशाशी बसल्या. पहारेकरी दंडुके घेऊन धावले, तो म्हसूजींचे पायावरील फडके बाईंनी सोडून दाखविले, आणि पहारेकऱ्यांची तोंडे उतरली आणि दंडुके खाली आले. हे वर्तमान स्टेशनाचे पुलाखाली पोचताच तेथील फौज उठली. खोकल्याने बेजार झालेले भंगारवाले आले, दिवस भरत आलेली फुगेवाली आली, हॉटेलात भांडी घासून हात कुजलेले आले, आणि जो तो खिडकीत तोंड घालून एकच मुक्काम सांगू लागला. वामनरावांचे तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा आतून डॉक्टरीण कालिंदीबाई बाहेर आल्या. जिभेच्या तिखट, खिडकीपुढे यांचेही आजवर काही चालले नव्हते. त्यांनी पाय पाहिला, आणि वामनरावांस पुसिले की तुमचे कायद्याने ही पायरी कोणाचे हद्दीत येते. वामनराव पुष्कळ घुटमळले, आणि आपलेच हद्दीत म्हणून पुटपुटले.

"मग हे सगळे आपले पेशंट. स्ट्रेचर आणा."

म्हसूजींची दोन बोटे गेली, पाऊल वाचले. ठकूबाईंनी बोटांसाठी डोळ्यांस पदर लाविला, आणि पावलासाठी कालिंदीबाईंचे हात धरिले. मग घरी सोडण्याची वेळ आली, आणि वैद्यांनी फर्मावले की जखम कोरडी ठेवणे, रोज पट्टी बदलणे, इन्सुलिन थंड जागी राखणे. बाई म्हणाल्या, उत्तम, पण कोठे? तेव्हा बाई पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या, आणि मागे फौज बसली. त्यांनी निक्षून सांगितले की दवाखान्याने आमचेकडे यावे, नाहीतर आम्ही येथेच आहो, आणि गाडी आणून आम्हांस उचलाल तर जेथे टाकाल तेथून परत येऊ.

सरकारांनी धमक्या दिल्या, समजुती घातल्या, पायरी धुण्याचे निमित्ताने पाणीही सोडिले. रयत भिजली आणि बसून राहिली. कालिंदीबाई रयतेचे बाजूने भांडत राहिल्या. अखेर सरकार नमले, आणि टेबल, औषधांची पेटी आणि इन्सुलिनचा बर्फाचा डबा घेऊन कालिंदीबाईंचा डेरा स्टेशनाचे पुलाखाली पडला, आणि वामनरावांसही तेथेच खुर्ची मिळाली. पहिलाच रोगी एक म्हातारा, छाती धरून आला, आणि वामनराव सवयीने "मुक्काम..." म्हणू लागले, तो ठकूबाईंनी खुर्चीचे पाठीवर हात ठेविला.

"आधी दुखतंय कुठं ते इचारा."

आणि वामनरावांनी मान वर केली, आणि विचारिले.

येणेप्रमाणे पुलाखालील रयतेने दवाखाना घेतला. घरे देऊ म्हणून सरकार बोलिले आहेत, अद्याप दिली नाहीत. रयत पायरीची वाट विसरलेली नाही, हे सरकारांनी ध्यानी ठेवावे.