चष्म्याच्या कागदावर कुत्रा चढविल्याची हकीकत

सोसायटीच्या कारभाऱ्यांनी केला पराक्रम पुढील भाडेकरूंस कळावा, आणि कोणी उगाच तोंड वर करोन बोलू नये, म्हणोन हे वर्तमान घडले तैसे लिहिले असे.

शनिवारी सकाळी एक तपकिरी श्वान, गळ्यात निळा पट्टा, जिन्याखाली येऊन मुक्काम करोन बसला. वर्दी पोहोचतांच सेक्रेटरीसाहेब पायजम्यानिशी जातीने उतरले आणि श्वानाने शेपूट हलविले आणि साहेब तीन पायऱ्या माघारे सरले. मग मसलत बसली. तळमजल्यावरील मावशींनी चार दारे वाजवून विचारावे ऐसे सुचविले. परंतु दारोदार फिरणे कमिटीच्या इतमामास शोभेना, सबब श्वानास पंपाच्या खोलीत कोंडोन नाक्यानाक्यावर कागद लावावा, ऐसा हुकूम जाहला.

आतां साहेबांचा चष्मा गेल्या साली हरवला होता, त्याचा कागद संगणकात तयार होता. साहेबांनी चष्म्याचे चित्र काढोन श्वानाचे बसविले, आणि बाकी मजकूर तैसाच राहिला : ‘हरवला आहे. कृपया सोसायटीत आणून द्यावा.’

मग काय विचारतां! रविवार दुपारपावेतो लोकांनी पाच तपकिरी श्वान दोरीनिशी आणोन हजर केले. दूधवाला म्हणाला, “घ्या तुमचा कुत्रा.” साहेब म्हणाले, “आमचा आत आहे.” “मग हरवलाय कोण?” साहेबांनी त्यास उद्धट ठरविले आणि पाचही श्वान कठड्यास बांधविले. कागद मात्र कमिटीत कोणी वाचून पाहिला नाही.

दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाम करणाऱ्या एकट्या काकू राहात. दोन दिवस त्यांचे मशीन बंद, घास गिळवेना, आणि हाका मारोन घसा बसलेला. त्यांनी कागद पाहिला. चित्र आपल्या बटण नांवाच्या श्वानाचे आणि मालक भलतेच! गळ्यात टेप तैसीच ठेवोन त्या आल्या आणि हात जोडोन म्हणाल्या, “साहेब, तुमचाच असेल तर मी मागत नाही. पण माझा बटण अगदी असाच आहे हो. सापडला तर एकदा लांबून बघू द्याल?”

साहेबांनी फर्माविले की मालकीचा पुरावा लेखी सादर व्हावा. इतक्यात आवाज ओळखोन पंपाच्या खोलीतील श्वानाने दारास धडक दिली आणि कडी निखळली आणि साहेब, खजिनदार व दोन खुर्च्या एकदम आडव्या पाडोन बटण काकूंच्या अंगावर कोसळला. काकू फरशीवर बसोन हमसून हमसून रडू लागल्या. साहेब जमिनीवरूनच गरजले, “अहो, पुरावा?”

“चाटतोय ना!” काकू म्हणाल्या, आणि त्यास घेऊन चालत्या जाहल्या.

येणेप्रमाणे श्वान मालकास पोहोचला. कमिटीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव एकमते संमत केला. बाकीचे पाच अद्यापि कठड्यास बांधलेले असेत, आणि त्यांच्या घरची माणसे पाच गल्ल्यांतून हाका मारीत हिंडत असेत. परंतु त्या गल्ल्या सोसायटीच्या हद्दीबाहेर, सबब तो मजकूर येथे घेतला नाही. फत्ते जाहली, हे कायम.